चौपदरी फडके

पिंप्राळ्यातल्या फिरके सरांच्या नळाला फडके बांधलेले नाही, असा दिवस त्या गल्लीत कोणी पाहिलेला नव्हता. कुंदाबाईंच्या जुन्या सुती पातळाचे चौपदरी फडके, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि ती पट्टीही सरांनी स्वतः मोजून कापलेली. पाणी येते दोन दिवसांआड, आणि येते तेव्हा थोडी नदी सोबत घेऊन येते. तेव्हा फडके हवेच, त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. पण याच पातळाच्या दुसऱ्या तुकड्याने पुढे एका इंजिनाचा दम कोंडला, दोन मुदतठेवी गिळल्या आणि एका सरळ माणसाला गावभर चोर ठरवले. पहिल्या दोन गोष्टी हसण्यावारी नेता येतील. तिसरी नेता येत नाही, म्हणून हे सांगायचे.

रतिलाल फिरके सरांनी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सातवीच्या वर्गात मेणबत्ती पेटवायची, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा आणि ती विझली की वर्गाकडे वळून "का?" असे विचारायचे, हा त्यांचा दरवर्षीचा प्रयोग. एकतीस वर्षांत मेणबत्ती एकदाही त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही. एका वर्षी नासीर नावाच्या पोराने उठून उत्तर दिले होते, "सर, तिचा दम कोंडला." वर्ग हसला. सरांनी फळ्यावर 'प्राणवायू संपला' असे लिहिले आणि नासीरला तास संपेपर्यंत उभे केले. वार्षिक परीक्षेत त्याला शंभरपैकी चार गुण पडले. ते चार गुण सरांना अजून पाठ होते. नासीरलाही होते.

निवृत्त माणसाने काय करावे हे आपल्याकडे निवृत्त माणूस सोडून सगळ्यांना ठाऊक असते. सरांनी कोणाला सुचवायला वेळच दिला नाही. धुळ्याला जाऊन त्यांनी दहा वर्षे वापरलेला सहाचाकी ट्रक घेतला आणि दारात आणून उभा केला. कुंदाबाईंनी त्याची पूजा केली, नारळ फोडला, आणि मग विचारले, "हा आणलाय तो कशाला?" फैजपूरहून केळी भरायची, जळगाव, पारोळा, धुळे करत लळिंगचा घाट चढायचा आणि पलीकडे मालेगावात माल उतरवायचा, असा सरांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. त्या रस्त्याने शेकडो ट्रक हेच करतात, आणि त्यांतल्या एकाच्याही मालकाने विज्ञान शिकवलेले नाही.

ड्रायव्हर म्हणून मिळाला तो नासीरच. आता पस्तिशीचा, बारा वर्षे गाडी चालवलेला, तंबाखूसुद्धा न खाणारा. किल्ली त्याने दोन्ही हातांनी घेतली.

"सर, गाडी जुनी आहे, पण दिल चांगलं आहे," तो म्हणाला. "ऑइल, पाणी, फिल्टर, एवढं टायमावर बघितलं की ही तुम्हाला कधी त्रास देणार नाही."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले. वास्तविक ते त्यांना आत्ताच कळले होते.

पहिल्याच महिन्यात नासीरने हवेचा फिल्टर बदलायला लावला. जुना काढून त्याने जमिनीवर आपटला तर अर्धा यावल तालुका त्यातून बाहेर पडला. सरांना त्या धुळीपेक्षा नव्या फिल्टरची किंमत जास्त झोंबली. दर काही महिन्यांनी हे असेच? घरी जी गोष्ट एका फडक्यात होते तिच्यासाठी दुकानदाराचे घर भरायचे? पाणी असो की हवा, गाळणे ते गाळणे.

डिसेंबरात नासीर आठ दिवसांच्या रजेवर गेला. धाकटी बहीण शाझिया हिचे लग्न होते. शिंदखेड्याला दिली होती तिला. सरांनी ती संधी साधली. केबिनच्या मागे हवा घेणारा उभा पाइप असतो आणि त्याच्यावर पत्र्याची टोपी असते. सर स्टूल घेऊन चढले, टोपी काढली, पाइपाच्या तोंडावर चौपदरी फडके ताणून बसवले, ट्यूबची पट्टी आवळली आणि टोपी परत घातली. खालून काही दिसत नव्हते. हे नासीरला सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले. वर्षभराने फिल्टर काढायचा, तो कोरा करकरीत निघाला की मग सांगायचे. दर महिन्याला फडके काढून धुवायचे हेही ठरले होते. पण उतरताना स्टूल हलले आणि सरांचा गुडघा असा काही मुरगळला की त्यानंतर ट्रकवर चढणे हा विषयच संपला.

जानेवारीच्या मध्यावर लळिंगच्या घाटातून नासीरचा फोन आला. "सर, गाडी ओढत नाही. पहिल्या गिअरवर पण रडते आहे. मागे एवढा काळा धूर की मोटरसायकलवाले शिव्या घालून चाललेत."

परत आल्यावर त्याने सरांसमोर बॉनेट उघडले आणि कान लावून उभा राहिला. "सर, मला वाटतं हिचा दम कोंडतोय. हवा कमी पडते. फिल्टर बघू."

त्याने फिल्टर काढला. फिल्टर आरशासारखा होता. आपटला तर कणही पडला नाही. नासीर तो उलटासुलटा करून पाहत राहिला आणि त्याचा चेहरा पार पडला.

आपण काय केले आहे हे सरांना तिथेच सांगता आले असते. "मी वर फडके बांधले आहे," एवढे एक वाक्य. पण त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला की वाक्य सुचलेच नाही. फडके काम करत होते! आणि चार गुणांचा विद्यार्थी पुन्हा चुकला होता. "निदान करण्याआधी निरीक्षण करावं, नासीर," एवढेच ते म्हणाले आणि घरात गेले.

आता भास्करनानांची ओळख करून देणे भाग आहे. नाना शेजारी. "एसटीत बत्तीस वर्षं काढली," असे ते सांगत. ती कंडक्टर म्हणून काढली हे सांगत नसत. ऐकणारा आपोआप त्यांना इंजिनापाशी उभा करी आणि नानाही तिथून हलत नसत. नाना ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काळा धूर म्हणजे इंजेक्टर. डोळे झाकून."

डोळे झाकून सर अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात गेले. मालक ललितशेठ. हात कोपरापर्यंत स्वच्छ, टेबलावर लॅपटॉप. त्याने ट्रकला वायर जोडली, पडद्यावर आकडे धावले, आणि सरांना ती जागा प्रयोगशाळेसारखी वाटली.

"फिल्टर बघितला का?" ललितशेठने विचारले.

"स्वच्छ आहे. मी स्वतः पाहिला आहे."

"सर म्हणतात म्हणजे झालं. मग इंजेक्टर. चारही."

चारही बदलले. ललितशेठने रिकामा ट्रक आवारात दोन फेऱ्या फिरवून दाखवला. धूर नाही, आवाज मऊ. "लोणी आहे सर, लोणी!" पहिली मुदतठेव मोडली तरी सर त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी ट्रक केळी भरून घाटाला लागला आणि परत तोच काळा लोट.

मग धुळ्याचे हिरामण मिस्तरी. त्यांचा लॅपटॉपवर विश्वास नव्हता. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून पाच मिनिटे उभे राहिले. सरांनीही आदराने टोपी काढली. "इंजेक्टर कोन्या गाढवाने बदलले?" मिस्तरींनी डोळे उघडून विचारले. "पंप गेलाय." पंप उतरवला, उघडला, भरला, चढवला. रिकामी फेरी. लोणी. मग घाट, आणि धूर.

त्यानंतरचा टर्बोवाला तर धुळ्याच्या हायवेवर काचेच्या कपाटात टर्बो मांडून बसला होता. त्याने मिस्तरींना गाढव म्हटले आणि नवा टर्बो बसवला. चौथ्याने टर्बोवाल्याला गाढव म्हणून इंजिनाचे हेड उघडायला मागितले, पण तोवर दुसरी मुदतठेवही संपलेली असल्यामुळे इंजिन वाचले. या सगळ्यांनी फिल्टरचे विचारले आणि सरांनी सगळ्यांना अभिमानाने तेच उत्तर दिले. वरच्या पाइपाच्या टोपीला मात्र कोणीच हात लावला नाही. लावणार तरी कशाला? टोपी काढून घातल्याचे बिल किती करणार?

काढलेला प्रत्येक जुना भाग सर पोत्यात घालून घरी आणत. ती गॅलरीत एका ओळीत ठेवलेली पोती पाहून कुंदाबाई म्हणाल्या, "अजून दोन महिने थांबा. इथेच दुसरा ट्रक तयार होईल." टर्बो त्यांनी धान्याच्या कोठीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवून दिला. तेवढे एक काम त्या टर्बोने चोख केले.

मधल्या काळात धुराचे प्रमाणपत्र संपले. सर स्वतः गेले. तिथल्या माणसाने रिकामा ट्रक उभ्या उभ्या चालू ठेवायला सांगितले, मागे नळी धरली, जांभई दिली आणि 'पास'चा कागद हातात ठेवला. चार दिवसांनी पारोळ्याच्या अलीकडे भरल्या गाडीला एका साहेबांनी अडवले. सर त्या दिवशी शेजारीच बसलेले. मागचा धूर अजून विरला नव्हता. सरांनी कागद पुढे केला. साहेबांनी तो उलटून पाहिला. "कागद धूर सोडत नाही हो. गाडी सोडते." दंड भरताना सरांना 'मास्तर आहात ना?' असे वर ऐकून घ्यावे लागले. रिकामी असताना गाडी स्वच्छ आणि भरल्यावर काळी, हे निरीक्षण त्यांच्या नाकासमोर दोन महिने फिरत होते. पण सर त्या वेळी अपमान मोजत होते.

आणि डिझेल! पूर्वीच्या दीडपट डिझेल जाऊ लागले. भास्करनाना एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून हळूच म्हणाले, "इंजेक्टर नवे, पंप नवा, टर्बो नवा. मग उरलं काय जुनं? ड्रायव्हर. बत्तीस वर्षं पाहिलंय मी. धूर हा बहाणा असतो, रतिलाल. तो घाटात काढून विकतो."

सरांना हे पटावे असे त्यात काही नव्हते. पण तीन मिस्तरींनी लुबाडले हे मान्य करण्यापेक्षा एका ड्रायव्हरने लुबाडले हे मान्य करणे त्यांना सोपे गेले. त्यांनी शाळेतली लाकडी फूटपट्टी काढली. ट्रक निघताना टाकीत पट्टी बुडवायची, आला की बुडवायची. निरीक्षण, नोंद, अनुमान. तीन फेऱ्यांत निष्कर्ष तयार झाला. ज्या रस्त्याला पूर्वी इतके लागे, त्याच रस्त्याला आता दीडपट. मधला फरक गेला कुठे? धुरातून वर गेला, हे उत्तर समोर काळ्या अक्षरांत लिहिलेले होते. ते सरांनी चूक म्हणून खोडले.

मार्चमध्ये ट्रक अड्ड्यावर, चहाच्या टपरीसमोर, लोड वाटणारा रुपचंद मुकादम आणि वीसेक ड्रायव्हर-मालक हजर असताना सरांनी फूटपट्टी हातात धरून नासीरला विचारले, "डिझेल कुठे विकतोस?"

नासीरला आधी समजलेच नाही. समजल्यावर त्याने सगळ्यांकडे पाहिले. रुपचंद मुकादम शिंदखेडा भागातला, जुना माणूस; त्याचा शब्द अड्ड्यावर शेवटचा. तो बिडी विझवत म्हणाला, "सर सांगतस म्हंजे खरंच व्हई."

नासीरने किल्ली टपरीच्या टेबलावर ठेवली. "सर, सातवीत तुम्ही मला चार मार्क दिले होते," तो म्हणाला. "ते बरोबर होते. मी अभ्यास केला नव्हता. हे बरोबर नाही." आणि तो चालत निघून गेला. सरांना वाटले होते तो भांडेल, शपथा घेईल. तसे काही झाले नाही म्हणून त्यांना थोडे चुकल्यासारखे वाटले, पण भास्करनाना म्हणाले, चोर असाच शांत असतो.

नवा ड्रायव्हर स्वप्नील आला. धूर तोच, डिझेल तेवढेच, उलट थोडे जास्त. सरांनी पट्टी काढताच स्वप्नील मोकळेपणाने म्हणाला, "सर, थोडं तर मी काढतोच. सगळे काढतात. पण बाकीचं ही गाडीच पिते, देवाशपथ." सरांना त्या रात्री जेवण गेले नाही. तरीही त्यांनी अड्ड्यावर जाऊन आपला शब्द मागे घेतला नाही.

एप्रिलमध्ये कुंदाबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला फैजपूरला बहिणीकडे गेल्या. वर्षाचे बिबडे म्हणजे तीन आठवडे. इकडे दहाव्या दिवसापासून नळाचे पाणी बारीक होऊ लागले आणि विसाव्या दिवशी करंगळीएवढी धार उरली. सरांनी नगरसेवकाच्या नावे अर्ज लिहिला. भास्करनानांनी मोटर बसवायचा सल्ला दिला. प्लंबरने अंगणातली फरशी उखडून पाइप नवा टाकावा लागेल असे सांगितले, आणि सरांनी त्याला होही म्हटले. तो कुदळ आणायला गेला असतानाच कुंदाबाई रिक्षातून उतरल्या. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, नळाकडे पाहिले, ट्यूबची पट्टी ओढली आणि फडके काढले. पाणी धो धो बादलीत पडले.

"गाळाने कोंदलंय," त्या फडके पिळत म्हणाल्या. "मी आठ दिवसांनी धुते म्हणून चालतं. तोंडच बांधून ठेवल्यावर यायचं कुठून त्याने?"

सर बादलीकडे पाहत उभे राहिले. बादली भरली, वाहू लागली, कुंदाबाई ओरडल्या तरी ते जागचे हलले नाहीत. मग तसेच, दुखऱ्या गुडघ्याने, स्टूल घेऊन दारातल्या ट्रकवर चढले. टोपी काढली. पातळ मूळचे पोपटी होते हे सांगूनही कोणाला पटले नसते. आता ते तव्यासारखे काळे आणि कडक झाले होते. धूळ, दव, तेलकट धूर, पुन्हा धूळ. त्यांनी ते काढले तेव्हा त्याची घडीसुद्धा मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः भरल्या गाडीत बसून लळिंगला गेले. गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, झाडे, ढाबे, मोटरसायकली, सगळे. "सर, लोणी!" स्वप्नील म्हणाला. सरांना शरमेने तोंड लपवावेसे वाटले. पैसे गेले त्याचे नव्हे, त्याचे नंतर वाटले. 'हिचा दम कोंडतोय' हे वाक्य पहिल्याच दिवशी कोणीतरी फुकट सांगितले होते आणि मेणबत्तीच्या वेळचे धरून ते दोन्ही वेळा बरोबर होते.

नासीर आता शिंदखेड्याला होता. बहिणीच्या सासरी. लग्नाला चार महिने झालेल्या बहिणीच्या दारात भावाने राहायला जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको. तो कांद्याच्या खळ्यावर गोण्या उतरवत असे. सर पोहोचले तेव्हा दार शाझियाने उघडले. तिने पाणी दिले, खुर्ची दिली, आणि उभ्यानेच म्हणाली, "सर, भाईला जळगावात कोणी गाडी देत नाही. धुळ्यात पण नाही. अड्ड्यावरून फोन जातो. इथे माझी सासू रोज विचारते, तुझा भाऊ जाणार कधी?"

नासीर आला तो खांद्यावर कांद्याची साले घेऊनच. सरांनी पिशवीतून फडके काढून त्याच्यासमोर ठेवले आणि सगळे सांगितले. स्टूल, टोपी, ट्यूबची पट्टी, स्वच्छ फिल्टर, आपला तो आनंद. एकतीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यासमोर इतके लांब उत्तर दिले नव्हते. नासीरने फडके हातात घेतले, उजेडाकडे धरले. त्यातून काही दिसत नव्हते.

"माझं चुकलं, नासीर."

"सर, हे मला कशाला सांगताय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी चोर नाही हे मला आधीपासून माहीत होतं. अड्ड्यावर सांगा. तिथे म्हटलं होतं ना, तिथेच सांगा."

सर दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावर गेले. तीच टपरी, तोच रुपचंद मुकादम, तेच वीसेक लोक. सरांनी फडके वर धरले आणि वर्गात बोलावे तसे स्पष्ट बोलले. डिझेल कोणी चोरले नव्हते. हवेच्या पाइपाला मीच हे बांधले होते. दोष माझा, नासीरचा नाही.

कोणीतरी खुदकन हसले, आणि मग सगळेच. रुपचंद मुकादमाने फडके बोटाने उचलून पाहिले. "काय सांगी ऱ्हायनात सर? तुम्ही आनि हाई काम? इतलं शिकेल मानूस पाइपले फडकं बांधी?"

"बांधलं. मी बांधलं."

"सर, तुम्ही भलता भोळा शेतस," मुकादम मायेने म्हणाला. "जुना विद्यार्थी म्हनीसन आंगवर लई ऱ्हायनात. बठ्ठा अड्डाले म्हाईत शे त्यानं."

"भला माणूस," मागून कोणी म्हणाले. "स्वतःची बेइज्जती करून घेतो आहे पोरासाठी." दोघातिघांनी सरांना नमस्कार केला. सरांच्या आयुष्यात त्यांच्या मोठेपणावर इतका विश्वास कोणीच दाखवला नव्हता, आणि नको असताना तो त्यांच्या गळ्यात पडला.

सरांचा संयम सुटला. "प्रयोग करून दाखवतो!" ते ओरडले. ट्रक तिथेच उभा होता. स्वप्नीलला वर चढवून त्यांनी फडके पाइपाला बांधायला लावले, टोपी घालायला लावली, आणि गाडी चालू करायला लावली. सगळे अड्ड्यावरचे लोक मागे जाऊन उभे राहिले. इंजिन सुरू झाले. एक राखाडी भपका आला, जुन्या गाडीला येतो तेवढा, आणि मग काही नाही. मऊ आवाज. स्वप्नीलने दोनदा रेस केली. पुन्हा तेवढेच. रिकामी गाडी मजेत चालू होती.

"भार हवा!" सर म्हणाले. "भरलेली गाडी घाटात न्यायला हवी. रिकामी असताना हवा पुरते तिला. कोणीतरी माझ्यासोबत लळिंगला चला!" पण ते ऐकायला फारसे कोणी उरले नव्हते. लोक चहाकडे वळले होते. रुपचंद मुकादमाने सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"यानाकरता लोड कोन भरी, सर? जाऊ द्या. एक डायवरना तं सवाल शे."

सर ट्रकच्या पायरीवर बसले. याच जागी, याच माणसांसमोर, मार्चमध्ये त्यांनी हातात एक फूटपट्टी धरून चार शब्द म्हटले होते आणि त्या वेळी कोणी पुरावा मागितला नव्हता. आज पुरावा हातात होता. त्यांना रडू आले, आणि चहावाल्याला वाटले की नासीरने फसवले म्हणूनच.

थोड्या वेळाने फोन वाजला. नासीर होता.

"सांगितलं का, सर?"

"सांगितलं. बांधून पण दाखवलं."

"मानलं त्यांनी?"

"माझं सगळं मानतात रे. एवढंच मानलं नाही." सरांनी वर टोपीकडे पाहिले. "धूर निघाला नाही. गाडी रिकामी होती."

पलीकडून कांद्याच्या खळ्यावरची हाकाटी येत होती.

"मी माझ्या खर्चाने लोड भरतो," सर घाईघाईने म्हणाले. "उद्या फैजपूरला. फडकं तसंच राहू देतो. मुकादमाला हातापाया पडून शेजारी बसवतो. घाटात धूर निघेल, त्याच्या डोळ्यांनी बघेल तो. तू फक्त ये. गाडी तू चालव."

"सर," नासीर म्हणाला, "ड्रायव्हर दुसरा घ्या. मी चालवली तर म्हणतील, धूर यानेच काढला."